भोंगा वाजला नाही, त्याची गोष्ट

(विशाखापट्टणम येथे मंडळाच्या गणेशोत्सवात, तिसऱ्या दिवशी सायंकाळी झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. स्मरणिकेसाठी वक्त्यांनीच तो लिहून दिला आहे.)



आरतीनंतर आणि प्रसादाच्या आधी व्याख्यान ठेवायचं, ही आपल्या मंडळाची जुनी युक्ती आहे. आतून मोदकांचा वास येत असतो, त्यामुळे श्रोते उठून जात नाहीत आणि वक्ताही फार लांबण लावत नाही. मला सेक्रेटरींनी पाऊण तास दिला आहे. तेवढ्यात मला एक हिशेब द्यायचा आहे. २०१९ च्या गणेशोत्सवात आपण देखाव्याचा खर्च आटोक्यात ठेवून आणि स्मरणिकेच्या जाहिरातींतून उरलेले पैसे घालून श्रीकाकुळम जिल्ह्यातल्या एका कोळीवाड्याला भोंग्यासाठी मदत केली होती. पैशांचा हिशेब खजिनदारांनी त्याच वर्षी वाचून दाखवला. पण ते पैसे मुळात का लागले, हे तेव्हा मी पूर्ण सांगितलं नव्हतं. सांगायला लाज वाटत होती, हे खरं कारण.

मी सोलापूरचा. माझ्या पिढीच्या सोलापूरकराला घड्याळ वडिलांनी शिकवलं नाही, भोंग्याने शिकवलं. जुन्या मिलचा भोंगा झाला की आई चुलीवरचं खाली उतरवायची, शेजारचे काका डबा घेऊन निघायचे. गिरण्यांचे जुने भोंगे बॉयलरच्या वाफेवर वाजत. बॉयलर पेटलेला आहे तोवर भोंगा वाजणारच. त्याला बाहेरून कोणी वीज द्यायची गरज नव्हती. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, कारण माझी सगळी फजिती त्यातच आहे.

पुढे ३४ वर्षं मी इथल्या एका मोठ्या कारखान्याच्या विद्युत विभागात काढली. तिथेही भोंगे होते, पण विजेवर चालणारे. आणि मग १२ ऑक्टोबर २०१४ चा रविवार उजाडला. हुदहुद. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी तो दिवस पाहिला आहे, त्यामुळे वर्णन करत नाही. कैलासगिरीची झाडं दुसऱ्या दिवशी कशी दिसत होती ते आठवा, म्हणजे पुरे. मला त्या आठवड्याची आठवण आहे ती शांततेची. वीज नाही, म्हणून पंखा नाही, टीव्ही नाही, आणि एक-एक करत मोबाइलही बंद. मुलगा पुण्याहून फोन करतोय आणि इकडे घंटाच वाजत नाही. शहराची ही गत, तर वाळूवर झोपडी बांधून राहणाऱ्यांचं काय, हा विचार तेव्हा पहिल्यांदा नीट मनात आला.

पुढच्याच वर्षी एका ओळखीच्या कारखान्यात जुने भोंगे काढून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली गेली. जुने दोन भोंगे भंगारात निघाले. आमच्या एका सहकाऱ्याने वरपर्यंत खटपट करून ते दान म्हणून मिळवले. त्याच्या पत्नीचं माहेर ज्या भागात, तिथल्याच समुद्रकाठी तीनेकशे घरांची एक वस्ती. गावाचं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. गावात चक्रीवादळात आसरा घ्यायला पक्कं, खांबांवर उभं केलेलं शेल्टर आहे. एरवी तिथे बालवाडी भरते. गच्चीवर भोंगा बसवायचं ठरलं.

आता हा भोंगा म्हणजे काय चीज आहे ते थोडक्यात सांगतो. आतमध्ये एक जड चाक असतं, त्याच्या कडेला खिडक्या पाडलेल्या असतात. बाहेरच्या कवचालाही तशाच खिडक्या. मोटर चाक फिरवते, खिडकीसमोर खिडकी आली की हवा बाहेर फेकली जाते, सरली की बंद होते. आमची मोटर मिनिटाला २,८८० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला ४८. खिडक्या दहा. म्हणजे सेकंदाला ४८० वेळा हवा कापली जाते, आणि तोच तो आवाज. यात ना स्पीकर, ना सर्किट. ग्रीस घातलं तर पन्नास वर्षं चालेल असं यंत्र. मोटर पाच हॉर्सपॉवरची, थ्री फेजची.

भोंग्यावर एक पाटी होती, 'पल्ला ५ किलोमीटर'. त्या पाटीवर विश्वास ठेवू नये, एवढं मला कळत होतं. मीटर लावून मोजलं तर ३० मीटरवर ११० डेसिबल भरले. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो असं पुस्तक सांगतं. पण माडाची झाडं, घरं आणि वारा धरला तर १० ने उतरतो असं मानलेलं बरं. म्हणजे ६० मीटरवर १००, १२० वर ९०, २४० वर ८०, आणि जवळजवळ अर्ध्या किलोमीटरवर ७०. झोपलेल्या माणसाला बंद दाराआड जागं करायचं तर याच्या पुढे भरवसा नाही. गाव तेवढ्यात बसत होतं. पाच किलोमीटर ही विक्रेत्याची भाषा.

म्हणजे आवाजाचं गणित मी केलं होतं. विजेचं केलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे मी विजेचा माणूस.

झालं असं. शेल्टरला थ्री फेजचं कनेक्शन होतं, पंपासाठी घेतलेलं. पण तुफान यायच्या आधी वीज खातं स्वतःहून पुरवठा बंद करतं, आणि ते बरोबरच आहे. तारा तुटून पाण्यात पडल्या तर माणसं मरतील. म्हणजे ज्या तासाला भोंगा लागणार, नेमका त्याच तासाला वीज नसणार. हे गावकऱ्यांनाही ठाऊक होतं. त्यांनीच विचारलं, "करंटु नसेल तेव्हा?" त्यावर उपाय म्हणून एक जनरेटर मिळाला, तोही दानाचा, दहा केव्हीएचा. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. मी मोजले नाहीत.

उद्घाटन थाटात झालं. नारळ फुटला, भोंगा वाजला, पोरं कानावर हात ठेवून नाचली, गावदेवीच्या देवळापुढची कुत्री रडायला लागली. मग जनरेटर सुरू करून दाखवला, शेल्टरचे सगळे दिवे लागले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भोंगा वाजला तो सरकारी विजेवर, आणि जनरेटरवर लागले ते दिवे. जनरेटरवर भोंगा लावून बघू या, असं मला सुचलं नाही. जेवणं व्हायची होती आणि संध्याकाळच्या आत परत यायचं होतं.

त्या दिवशी मी गावाला दुभाष्यामार्फत एक वाक्य सांगितलं होतं. "हा वाजला की सगळं टाकून शेल्टरमध्ये या." माझं तेलुगू तीस वर्षांनंतरही बाजारहाटापुरतंच आहे, पण हे वाक्य मी स्वतः पाठ करून पुन्हा एकदा म्हटलं. लोक हसले, पण त्यांनी ते लक्षात ठेवलं.

तितली चक्रीवादळ २०१८ सालचं. १० ऑक्टोबरची रात्र, आपल्याकडे त्याच दिवशी घट बसले होते. ११ तारखेला पहाटे ते पलासाजवळ किनाऱ्यावर आलं. हवामान खात्याचा इशारा आधीपासून होता, होड्या वर ओढलेल्या होत्या, बरीच म्हातारी माणसं संध्याकाळीच शेल्टरमध्ये आली होती. पण काही लोक शेवटपर्यंत घर सोडत नाहीत. कोंबड्या असतात, जाळी असतात, आणि मागच्या तीन इशाऱ्यांच्या वेळी काही झालं नव्हतं अशी आठवण असते. अशांसाठीच तर भोंगा.

रात्री वीज गेली. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक तरुण आहे गावात, आम्ही त्याच्याकडेच यंत्र सोपवलं होतं. त्याने जनरेटर सुरू केला. दिवे लागले. मग त्याने भोंग्याचं बटण दाबलं. भोंग्याने एक हुंकार दिला, अगदी खालच्या पट्टीतला, जनरेटर कण्हला, दिवे पिवळे झाले, आणि सगळं बंद. त्याने पुन्हा केलं. पुन्हा तेच. पाच-सहा वेळा केलं, शेवटी जनरेटरच सुरू होईना.

मित्रहो, यात त्या पोराची काही चूक नव्हती, जनरेटरचीही नव्हती. पाच हॉर्सपॉवरची मोटर चालताना साडेसात अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या सहापट, म्हणजे ४५ अँपिअर मागते. पंपाची मोटर हे क्षणभरच मागते. भोंग्याचं चाक जड, त्याला वेग घ्यायला सहा-आठ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ ही मागणी चालूच राहते. दहा केव्हीएचा जनरेटर नेटाने देतो १४ अँपिअर. म्हणजे मी एका बैलाला चार बैलांचा नांगर जुंपला होता. इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे येतं. मला का सुचलं नाही? कारण ३४ वर्षं मी अशा जागी काम केलं जिथे वीज म्हणजे समुद्र. पाच हॉर्सपॉवरची मोटर सुरू झाली काय, नाही काय, समुद्राला कळतही नाही. सवयीने माणूस शहाणा होतो तसा आंधळाही होतो.

मी चार दिवसांनी पोचलो. उद्दानम भागातून जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माड आडवे पडलेले, काजूच्या बागा उताण्या झालेल्या. गावात जीवितहानी नव्हती. पण वस्तीच्या दक्षिण टोकाला एकटी राहणारी एक म्हातारी रात्रभर घरातच राहिली होती. ताडाच्या पानांचं छप्पर उडालं, भिंत पडली, ती लाकडी खाटेखाली शिरून बसली. पहाटे पोरांनी तिला बाहेर काढलं तेव्हा पाय मोडलेला होता. मी भेटायला गेलो. तिने मला ओळखलं, भोंग्याच्या दिवशीचा तेलुगू बोलणारा पाहुणा म्हणून. रागावली नाही. फक्त म्हणाली, "कूत रालेदु, बाबू." भोंगा झाला नाही, बाबा. मी वाट बघत होते.

याच्यापुढे मला दुभाष्याची गरज लागली नाही.

नंतर गावातल्या थोर मंडळींशी, ते त्यांना पेद्दलु म्हणतात, बोलताना आणखी एक गोष्ट कळली, ती मला पायापेक्षाही जास्त लागली. भोंगा यायच्या आधी गावाची स्वतःची एक पद्धत होती. आपल्याकडे दवंडी तशी त्यांची चाटिंपु. डफ वाजवत एक जण फिरायचा, आणि मागून चार पोरं प्रत्येक दारावर काठी आपटत जायची. कोणाच्या घरी कोण एकटं आहे हे त्या पोरांना माहीत असायचं. भोंगा आल्यावर चाटिंपु बंद पडली. लागणारच नव्हती ना आता. त्या रात्री भोंगा वाजत नाही हे कळल्यावर पोरं धावली, पण तासभर उशिरा, वारा चढल्यावर, आणि दक्षिण टोकापर्यंत पोचू शकली नाहीत. म्हणजे आम्ही गावाला एक वस्तू दिली आणि एक काढून घेतली. दिलेली चालली नाही, काढून घेतलेली चालत होती.

काही जण म्हणाले, काढून टाका तो भोंगा. मलाही क्षणभर तसंच वाटलं. गावानेच नको म्हटलं. तो इंजिनवाला पोरगा म्हणाला, "सर, यंत्र चांगलं आहे. त्याला जेवायला नीट द्या."

तेव्हा मी पहिल्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आणि काय दिसलं? भोंग्याला ऊर्जा फार लागतच नाही! चालताना तो साधारण ४.४ किलोवॅट घेतो. तीन मिनिटं वाजवला तर पाव युनिटही होत नाही, दीड-दोन रुपयांची वीज. तुमच्या घरच्या इन्व्हर्टरखाली जी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची बॅटरी असते, तिच्यात कागदावर याच्या आठपट ऊर्जा असते. प्रश्न एवढाच की ही पाव युनिट ऊर्जा एकदम, धबधब्यासारखी द्यावी लागते. १२ व्होल्टवरून द्यायची तर चारशे अँपिअरच्या आसपास प्रवाह येतो, तार लाल होईल. म्हणून दहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या. १२० व्होल्ट झाले, आणि प्रवाह ४५ च्या आसपास आला. हे झेपण्यासारखं होतं.

राहिला सुरू होतानाचा झटका. त्यासाठी इन्व्हर्टर आणि मोटर यांच्यामध्ये ड्राइव्ह घातला. हा मोटरला हळूहळू वेग देतो, झटका येऊच देत नाही. पण इन्व्हर्टर सिंगल फेजचा, २३० व्होल्टचा. त्याच्यावरचा ड्राइव्ह तीन फेज बनवून देतो, पण व्होल्टेज २३० च्या वर देत नाही. आणि मोटर ४१५ ची. मग श्रीकाकुळमच्या एका वाइंडिंगवाल्याकडे मोटर नेली. त्याने जुनी तार उपसून जाड तारेचे कमी वेढे घातले आणि मोटर २३० ची करून दिली. शिकलेला फारसा नाही, पण वेढ्यांचा हिशेब त्याने सिगरेटच्या पाकिटावर केला आणि तो माझ्या हिशेबाशी जुळला. मजुरी घ्यायला तयार नव्हता, त्याचा मामा त्याच किनाऱ्यावरचा. ड्राइव्हही मोटरच्या दुप्पट क्षमतेचा घेतला, कारण सिंगल फेजवर चालवताना तो तेवढा ताण घेत नाही. या सगळ्यात बॅटऱ्यांचाच खर्च लाखाच्या घरात गेला. तिथे आपले पैसे लागले.

मोठा जनरेटरच का नाही घेतला, असं मला खजिनदारांनी विचारलं होतं. घेता आला असता. पण वर्षातून दोन रात्री लागणाऱ्या जनरेटरचं डिझेल कोळीवाड्यात टाकीत राहत नाही. एखाद्या पहाटे मासळी लागलेली असते, होडीत डिझेल नसतं, आणि शेल्टरखाली भरलेली टाकी असते. मी त्या जागी असतो तर मीही घेतलं असतं, उद्या भरू म्हणून.

आता बॅटऱ्या भरायच्या कशा? इथे मी एक अशी गोष्ट केली की माझे जुने साहेब बघते तर हसले असते. दहा बॅटऱ्यांना एक मोठी सौर यंत्रणा लावायच्या ऐवजी प्रत्येक बॅटरीला तिचं स्वतःचं ४० वॅटचं पॅनल आणि स्वतःचा छोटा चार्जर दिला. दहा पॅनलं, दहा चार्जर, दहा हिरवे दिवे. दिसायला गबाळं. पण एक बिघडला तर नऊ चालू राहतात, आणि कोणता बिघडला हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. वादळात पॅनलं उडाली तर, असंही विचारलं गेलं. उडू देत. त्यांचं काम वादळाच्या आधीच संपलेलं असतं. भरलेली बॅटरी स्वस्थ ठेवली तर आठवडेच्या आठवडे तशीच राहते. इन्व्हर्टरचा मोठा स्विच मात्र एरवी बंद ठेवायचा, नाहीतर तो रिकामा बसून बॅटऱ्या चाटत बसतो.

ते दहा दिवे बालवाडीच्या खोलीतच भिंतीवर लावले. बालवाडीच्या ताई रोज सकाळी पोरांना दिव्यांवर अंक शिकवतात. ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु, असं दहापर्यंत. ज्या दिवशी पोरं नऊवर थांबतात, त्या दिवशी इंजिनवाल्याला निरोप जातो. मला आजवर तीनदा फोन आला आहे. दोनदा टर्मिनलला खाऱ्या हवेने मोरचूद चढला होता, एकदा उंदराने वायर खाल्ली होती. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम त्या पोराकडे आहे.

आणि चाचणी. दर पौर्णिमेला संध्याकाळी भोंगा वाजतो, अर्धा मिनिट, आणि तोही सरकारी विजेवर नाही, बॅटरीवरच. पौर्णिमा गावानेच निवडली, कोळ्याला त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. खुणाही ठरवल्या. आवाज वर-खाली झाला तर धोका, एकसुरी लांबला तर धोका टळला, नागरी संरक्षणात असते तशीच. चाटिंपुसुद्धा पुन्हा सुरू केली. भोंगा झाला की डफवाला निघतोच, मग भोंगा कितीही चांगला वाजलेला असो. त्याच्याकडे हाताने फिरवायचा एक छोटा भोंगाही दिला आहे. दक्षिण टोकाचं घर पहिलं घ्यायचं, असं पोरांनी स्वतःच ठरवलं.

२६ सप्टेंबर २०२१ च्या रविवारी गुलाब वादळ आलं, पितृपक्षात. कलिंगपट्टणमच्या उत्तरेला ते संध्याकाळनंतर जमिनीवर आलं. गावात दुपारपासून वीज नव्हती. भोंगा तीन वाजता वाजवला, वारा चढायच्या आधी. हेही आम्ही तितलीतून शिकलो होतो. जोराच्या वाऱ्यात भोंगा कितीही ओरडला तरी वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्याला ऐकू येत नाही, आवाज वर उचलला जातो. तीन मिनिटं, मग दहा मिनिटं थांबून पुन्हा तीन मिनिटं. म्हातारी काठी टेकत, डफवाल्याच्या पुढे चालत आली, असं त्या पोराने मला फोनवर सांगितलं. रात्री साडेआठला त्याने मला फोनवरच खोलीतला गलका ऐकवला. कोणाचं तरी तान्हं रडत होतं, कोणीतरी चहासाठी ओरडत होतं.

आज मोबाइलवर इशारे येतात. २०२३ साली सरकारने त्याची देशभर चाचणी घेतली, तेव्हा आपल्या सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवत असेल. ओडिशाने तर २०१८ मध्ये किनाऱ्यावर १२२ मनोऱ्यांवर भोंगे उभारले. हैदराबादला आपलं त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून काम करतं. म्हणजे वरून इशारा निघण्याची सोय उत्तम आहे. प्रश्न शेवटच्या अर्ध्या किलोमीटरचा असतो. २६ डिसेंबर २००४ ला पुदुच्चेरीजवळच्या नल्लवाडू गावात काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. सिंगापूरला कामाला असलेल्या एका गावकऱ्याने त्सुनामीची बातमी बघून घरी फोन केला. गावात स्वामिनाथन फाउंडेशनने सुरू केलेलं माहिती केंद्र होतं, आणि तिथे ध्वनिक्षेपक होता. रोज त्यावरून समुद्राच्या लाटांची आणि हवेची माहिती सांगितली जायची. त्यावरूनच पळा म्हणून सांगितलं, आणि साडेतीन हजारांची वस्ती वाचली. तो ध्वनिक्षेपक रोजच्या वापरातला होता, म्हणून त्या दिवशीही चालला, असं माझं मत आहे. कपाटात ठेवलेला असता तर किल्ली कोणाकडे आहे इथूनच सुरुवात झाली असती.

उलट उदाहरण अमेरिकेतलं आहे. हवाई बेटांवर भोंग्यांचं मोठं जाळं आहे, एकट्या माउई बेटावर ८० आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये लाहैना गाव वणव्यात जळालं तेव्हा त्यातला एकही वाजवला गेला नाही. नंतर अधिकाऱ्यांनी सांगितलं की लोकांना भोंगा म्हणजे त्सुनामी एवढंच माहीत, तो ऐकून लोक डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच पळाले असते अशी भीती होती. हे कारण कितपत बरोबर यावर तिकडे पुष्कळ वाद झाला. पण आपल्या गावात मी तेव्हापासून मुद्दाम विचारतो, भोंगा झाला की काय करायचं? पोरं एका सुरात सांगतात. मग विचारतो, आणि झालाच नाही तर? त्याचंही उत्तर आता त्यांना येतं. नाही झाला तरी निघायचं, अंधार व्हायच्या आत.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. बॅटऱ्यांचं आयुष्य चार-पाच वर्षांचं. पहिला संच २०२४ मध्ये बदलला. त्या वेळी निम्मे पैसे गावाने दिले, दर होडीमागे वर्गणी काढून. निम्मे आपल्यातल्या काही जणांनी दिले, त्यांची नावं त्यांनी सांगू दिलेली नाहीत. पुढच्या संचासाठी गावाने आतापासूनच डबा ठेवला आहे.

आणि दुसरा भोंगा? दोन मिळाले होते ना. तो माझ्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली आहे, सौभाग्यवतींना गाडी लावायला अडचण होते ती त्याचीच. मागच्या वर्षी शेजारच्या मंडलातल्या एका गावातून माणसं आली, आम्हालाही द्या म्हणाली. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, तुमच्याकडे रोज दिवे कोण मोजेल? विचारून सांगतो म्हणून गेली. अजून आलेली नाहीत. आली की वाइंडिंगवाल्याला फोन करणार आहे, तोवर गाडी रस्त्यावरच.

आतून खूण झाली आहे, प्रसाद तयार आहे.  गणपती बाप्पा मोरया!